सारखेच गुण, वेगळी अडचण: नववीच्या एका वर्गाची इंग्रजी श्रवण-वाचन चाचणी

चोपडा तालुक्यातलं मराठी माध्यमाचं एक हायस्कूल. खाली तापी, वर सातपुडा, मधल्या पट्ट्यात केळी आणि कापूस. नववीच्या वर्गात गावातली अहिराणी नाहीतर गुजरी बोलणारी मुलं आहेत, तशी पायथ्याच्या पाड्यांवरून येणारी पावरा आदिवासी मुलंही आहेत. या मुलांना शाळेतली मराठीसुद्धा घराबाहेर पडल्यावरच शिकावी लागली. राज्यात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे. म्हणजे नववीत येईपर्यंत प्रत्येकाची इंग्रजीची आठ वर्षं झालेली असतात.

सहामाहीत इंग्रजीच्या पेपरात दोघांना ८० पैकी ३१ गुण पडले. एक पहिल्या बाकावरची मुलगी, दुसरा पाड्यावरून येणारा मुलगा. दोघांच्या प्रगतिपुस्तकात शेराही एकच गेला: ‘वाचन वाढवावे’. मी या वर्गाला इंग्रजी शिकवते. दोघांना रोज पाहणाऱ्या कोणालाही त्यांची अडचण एकच आहे हे पटलं नसतं. हे प्रकरण त्या दोघांचं आहे, आणि दोघांतला फरक दाखवणारी चाचणी आम्ही कशी बसवली त्याचं आहे. त्यांची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

पेपरातून काय कळतं, काय कळत नाही

पाठ्यपुस्तकातल्या उताऱ्यांचे प्रश्न वर्गात सोडवून झालेले असतात, गाईडमध्येही असतात. कविता, पत्र, जाहिरात या गोष्टी पाठांतरावर बऱ्यापैकी निभावतात. न पाहिलेला उतारा एकच येतो, आणि तिथेही मुलांनी आपली वाट शोधलेली असते. प्रश्नातला एखादा शब्द पकडायचा, तो उताऱ्यात कुठे आहे ते बघायचं आणि ती अख्खी ओळ उतरवून टाकायची. पुष्कळदा गुण मिळून जातात. तपासणाऱ्याला मात्र उतारा समजला होता की नुसता शब्द जुळला, हे कळायला मार्ग नसतो.

ऐकणं तर लेखी पेपरात येतच नाही. ते २० गुणांच्या अंतर्गत मूल्यमापनात, तोंडी परीक्षेच्या जोडीला आहे. दहावीला भाषांचे हे २० गुण २०१८-१९ मध्ये काढून टाकले होते. त्या वर्षी दहावीचा निकाल ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. पुढच्या वर्षी गुण परत आले आणि निकाल ९५.३० टक्के लागला. निकालाच्या चढउतारामागे आणखीही कारणं असणार, पण ते २० गुण केवढा भार उचलतात हे त्यावरून दिसलं. माझं मत स्पष्ट आहे. मुलगा इंग्रजी ऐकून समजतो का, याची नोंद व्हायची आपल्या व्यवस्थेत तेवढी एकच जागा आहे. तिथे सगळ्या वर्गाला सरसकट अठरा-एकोणीस द्यायचे ठरवलं की ऐकणं शिकवायचंही कारण उरत नाही.

चाचणीमागचा विचार

गफ आणि टनमर या दोन अभ्यासकांनी १९८६ मध्ये वाचनाबद्दल एक साधी मांडणी केली. वाचून समजणं हा दोन गोष्टींचा गुणाकार आहे: छापलेल्या अक्षरांतून शब्द ओळखता येणं आणि ती भाषा ऐकून समजणं. बेरीज नव्हे, गुणाकार. एक बाजू शून्य असेल तर दुसरी कितीही भक्कम असली तरी उत्तर शून्यच. आणि दोन अगदी वेगळ्या जोड्यांचा गुणाकार एकच येऊ शकतो. ३१ आणि ३१ मागे हेच असेल, असा आमचा अंदाज होता.

तो तपासायचा तर प्रत्येक मुलाकडून तीन गोष्टी वेगवेगळ्या घ्यायला हव्या होत्या: तो एका मिनिटात किती शब्द बरोबर वाचतो, वाचलेल्यातलं किती समजतं आणि ऐकलेल्यातलं किती समजतं. शेवटच्या दोन्हींसाठी मजकूर सारख्याच अवघडपणाचा असायला हवा. आम्ही दोन मजकूर तयार केले. अर्ध्या वर्गाने पहिला ऐकला आणि दुसरा वाचला, उरलेल्या अर्ध्याने उलट केलं. एखादा मजकूर जरा सोपा निघाला तरी त्याचा फायदा एकाच बाजूला जाणार नव्हता.

मजकूर लिहिताना एक पथ्य पाळलं. छापलेला धडा मोठ्याने वाचून दाखवला की श्रवण चाचणी झाली असं पुष्कळदा धरलं जातं. पण छापील वाक्यं लांब असतात, बोलताना कोणी तशी बोलत नाही. म्हणून आमच्या एका सहकारी मॅडमना फक्त मुद्दे दिले आणि त्या बोलल्या तसं मोबाईलवर रेकॉर्ड केलं. बोललेलं उतरवून काढलं, तोच वाचनाचा उतारा झाला. आवाज परदेशी हवा का, यावर थोडी चर्चा झाली. या मुलांच्या कानावर पुढे जे इंग्रजी पडणार आहे ते जळगावच्या कॉलेजातल्या प्राध्यापकांचं, बँकेतल्या साहेबांचं, हेल्पलाइनवरच्या मुलीचं. आपल्याकडचा स्वच्छ उच्चार आणि नेहमीचा वेग पुरेसा आहे, यावर सगळ्यांचं एकमत झालं.

रेल्वे स्टेशनवरची उद्घोषणा घ्यावी, अशीही सूचना आली. जळगाव, भुसावळ जवळच आहेत, मुलांना गंमत वाटेल. पण चोपडा शहरात रेल्वे नाही, आणि पाड्यावरच्या कितीतरी मुलांनी स्टेशन पाहिलेलंच नाही. शिवाय तीच उद्घोषणा मराठीत आणि हिंदीतही होत असते. स्टेशनवर ऊठबस असलेला मुलगा इंग्रजी न समजताही बरोबर उत्तर देईल. सरावासाठी ती ठेवली, चाचणीतून वगळली.

केळीच्या बागेचा प्रश्न

ज्या एका प्रश्नाने आम्हाला सगळ्यात जास्त शिकवलं, तो इथे सविस्तर सांगते.

पहिला मजकूर एका केळी उत्पादकाबद्दल होता. विषय ओळखीचा असला की मुलं बिचकत नाहीत, एवढाच हेतू. प्रश्न तयार झाल्यावर आम्ही ते दहावीच्या काही मुलांना उताऱ्याशिवाय सोडवायला दिले. ही तपासणी कोणत्याही उताऱ्यासाठी करता येते आणि तिला खर्च काही नाही. उतारा न वाचता जर मुलं बरोबर उत्तरं देत असतील तर तो प्रश्न वाचन तपासत नाही, माहिती तपासतो. ‘शेतकऱ्याने ठिबक का बसवलं?’ याचं उत्तर सगळ्यांनी दिलं: पाणी वाचतं म्हणून. ‘तो रात्री पाणी का देतो?’ याचंही दिलं: लाइट रात्री असते. खानदेशातल्या कोणत्याही शेतकऱ्याच्या पोराला हे विचारायची गरज नाही.

ठिबकचा प्रश्न काढला. दुसरा मात्र ठेवला आणि उताराच बदलला. आता उताऱ्यातला शेतकरी रात्री पाणी द्यायचा कारण दिवसा तो चोपड्याला एका औषधाच्या दुकानात कामाला जायचा. लाइटचा उल्लेखच नाही. म्हणजे ज्याने उतारा समजून घेतला तो दुकान लिहिणार, आणि ज्याला समजला नाही तो घरून आणलेलं उत्तर लिहिणार. चुकीचं उत्तरसुद्धा आम्हाला काहीतरी सांगणार होतं.

असाच एक प्रश्न ओळ उचलण्याच्या सवयीसाठी होता. उताऱ्याच्या सुरुवातीला शेतकऱ्याने बैल विकले असं येतं, पण का विकले ते बरंच पुढे, ‘बैल’ हा शब्द न वापरता येतं. प्रश्नातला ‘बुलक्स’ पकडून वरची ओळ उतरवली की उत्तर चुकणार.

उत्तरं कोणत्या भाषेत घ्यायची यावर स्टाफरूममध्ये बरंच बोलणं झालं. आमचे ज्येष्ठ सहकारी म्हणाले, “मॅडम, इंग्रजीच्या पेपरात मराठीतून उत्तर लिहायचं, मग इंग्रजीचं उरलं काय?” त्यांचं म्हणणं वावगं नाही. लिहिणंही तपासायलाच हवं. पण ते वेगळं तपासावं. ऐकून समजलेल्या मुलाला स्पेलिंग येत नाही म्हणून शून्य दिलं, तर कागदावर त्याचं ऐकणं कच्चं ठरतं आणि आपण भलत्याच ठिकाणी औषध लावत बसतो. शेवटी ठरलं ते असं: काही प्रश्नांना चित्रावर खूण, काहींना चूक-बरोबर, उरलेल्यांना मराठीत किंवा घरच्या बोलीत एक-दोन शब्द. पेपर दोघांनी स्वतंत्रपणे तपासायचे, बरोबर धरायच्या उत्तरांची यादी आधीच करायची. एका मुलाने ‘केयीना बाग’ असं लिहिलं तेव्हा ती यादी कामाला आली, नाहीतर एकाने बरोबर दिलं असतं आणि दुसऱ्याने शुद्धलेखनावर बोट ठेवलं असतं.

चाचणीचा दिवस

दिवाळीनंतर कापसाची वेचणी जोरात असते. पाड्यावरची काही मुलं त्या आठवड्यात आलीच नाहीत. त्यांची चाचणी नंतर स्वतंत्र घेतली. खानदेशात हे धरूनच वेळापत्रक करावं लागतं.

पूर्ण वर्ग एकदम बसवून स्पीकर लावायचा विचार पहिल्यांदाच सोडून दिला. आमच्या वर्गांवर पत्रे आहेत, एका बाजूला रस्ता आहे. मागच्या बाकावरच्याला ऐकूच आलं नाही, तर ती त्याच्या इंग्रजीची परीक्षा होत नाही, खोलीची होते. मागच्या बाजूची शांत खोली घेतली, मुलांना लहान लहान गटांत बोलावलं. आधी प्रश्न वाचायला वेळ दिला, मग रेकॉर्डिंग दोनदा ऐकवलं. दोनदा का, असं एका मुलाने विचारलं. केंब्रिजच्या सुरुवातीच्या पातळीवरच्या इंग्रजी परीक्षांतही ध्वनिफीत दोनदाच ऐकवतात, आणि आम्हाला मुलाची स्मरणशक्ती मोजायची नव्हती.

मिनिटभराचं प्रकट वाचन व्हरांड्यात एकेकाला बोलावून घेतलं. हातात उताऱ्याची एक प्रत, मोबाईलवर घड्याळ. चुकलेल्या शब्दावर खूण, आणि मुलाने त्या जागी काय वाचलं ते वर लिहायचं. ही दुसरी नोंद सोन्याची ठरली.

वर्गाच्या पातळीवर एक गोष्ट ठळक दिसली. एका प्रश्नात भाडं किती ते विचारलं होतं. वाचताना जवळजवळ सगळ्यांनी १५ रुपयांच्या बरोबर उत्तरावर खूण केली, ऐकताना मात्र मोठ्या गटाने ५० वर. पंधरा आणि पन्नास आपल्याकडे कानाला लांबूनच वेगळे ऐकू येतात. इंग्रजीत ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ यांतला फरक शब्दाच्या शेपटीत आणि आघातात असतो, आणि वर्गात आकडे फळ्यावर लिहूनच शिकवलेले असतात.

ती मुलगी आणि तो मुलगा

मुलीने उतारा धडाधड वाचला. ‘थ्रू’, ‘नाइट’, ‘डॉटर’, जिथे बाकीचे अडखळले तिथेही ती थांबली नाही. वर्गात मोठ्याने वाचायला नेहमी तिलाच उभं करतात ते उगाच नाही. पण रात्री पाणी का, याचं उत्तर तिने लिहिलं: ‘लाइट रात्री राहते’. बैलांच्या प्रश्नाला वरची ओळ जशीच्या तशी. ऐकण्यात तर ती वाचनापेक्षाही मागे होती. मी तिला शेजारी बसवून विचारलं, उताऱ्यात काय झालं ते सांग. ती जरा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “मॅडम, वाचता येस, पन समजस नई.”

मुलाची गोष्ट नेमकी उलटी. त्याचं वाचन ऐकणाऱ्याला वाटावं, याला काहीच येत नाही. पहिलं अक्षर बघायचं आणि पुढचं अंदाजाने: ‘बिफोर’च्या जागी ‘ब्रदर’, ‘मेडिसिन’च्या जागी ‘मार्केट’. मिनिट संपलं तेव्हा तो तिसऱ्या ओळीतच होता. ऐकण्याच्या चाचणीत मात्र त्याने दुकानाचं उत्तर बरोबर दिलं, बैल का विकले तेही दिलं, वर्गातल्या वरच्या गटात आला. योगायोग असेल म्हणून दुसरा मजकूरही त्याला नंतर ऐकवला. तिथेही तेच. घरी पावरी, गावात अहिराणी, शाळेत मराठी, मोबाईलवर हिंदी असा चार भाषांतून रोज जाणारा हा मुलगा आहे. शब्द पूर्ण समजला नाही तरी मागच्यापुढच्यावरून अर्थ लावायची त्याच्या कानाला सवय आहे, असं मला वाटतं. मराठी तो सावकाश पण बरोबर वाचतो. म्हणजे अक्षरओळखीचं मूळ दुखणं नाही, इंग्रजी स्पेलिंग आणि उच्चार यांची सांगड त्याला कधी कोणी पायरीपायरीने घालून दिली नाही.

‘प्रथम’ या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेच्या ‘असर’ पाहणीत २०२३ मध्ये ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलांना इंग्रजी वाक्यं वाचायला दिली होती. ५७.३ टक्के मुलांना ती वाचता आली, आणि वाचणाऱ्यांपैकी जवळपास तीन चतुर्थांशांना अर्थ सांगता आला. उरलेल्या चतुर्थांशात आमची मुलगी बसते. मुलगा तर वाक्य वाचू न शकणाऱ्यांतच मोजला गेला असता, आणि त्याला इंग्रजी समजतं हे अशा पाहणीत कोणाला दिसलं नसतं.

पुढे काय केलं

मुलासाठी परिपाठानंतरची दहा मिनिटं. ‘नाइट, राइट, फाइट’ अशी एकाच स्पेलिंगची कुटुंबं, आणि रोज एक छोटा मजकूर कानाने ऐकत बोटाने ओळ पकडायची. जे त्याला ऐकून आधीच समजतं तेच छापील रूपात समोर येत गेलं. वर्गातली आणखी काही मुलं त्यात बसली.

मुलीचं मोठ्याने वाचणं काही काळ बंद केलं. एक वाक्य मनात वाचायचं, कागद उलटा ठेवायचा आणि काय झालं ते अहिराणीत सांगायचं. सांगता आलं नाही तर पुढचं वाक्य नाही. सुरुवातीला तिला हे फार जड गेलं. जिच्या वाचनाचं आजवर कौतुक झालं तिला एका वाक्यापाशी अडवून ठेवणं मलाही सोपं नव्हतं. पण पर्याय दिसत नव्हता.

त्यानंतरच्या घटक चाचणीत तिचे गुण घसरले. न समजलेल्या प्रश्नाखाली ओळ उतरवायची तिने सोडून दिलं होतं, ती जागा कोरी ठेवायला लागली होती. तिचे वडील शाळेत आले. “मॅडम, पोरीना मार्क कमी काबरं पडनात?” मी दोन्ही पेपर त्यांच्यापुढे ठेवले. आधीच्या पेपरातली उतरवलेली उत्तरं दाखवली आणि तिला त्यांच्यासमोर त्यांचा अर्थ विचारला. मग नव्या पेपरातली तीन उत्तरं दाखवली, अर्धवट इंग्रजीत लिहिलेली पण तिची स्वतःची. तिने ती तिन्ही वडिलांना अहिराणीत समजावून सांगितली. त्यांनी एवढंच विचारलं की दहावीपर्यंत भरून निघेल का. मी म्हटलं, हाच वेग राहिला तर निघेल, पण दहावीच्या वर्षी सुरुवात केली असती तर निघालं नसतं.

फेब्रुवारीत नवे मजकूर घेऊन तशीच चाचणी पुन्हा घेतली. मुलाचं अंदाजपंचे वाचणं बरंच कमी झालं आहे. मिनिटात तो आता उताऱ्याच्या मध्यापलीकडे जातो. पानभर मजकूर आला की मात्र अजून दमतो आणि पुन्हा पहिल्या अक्षरावर येतो. मुलीची प्रगती सावकाश आहे. भाषाच वाढवायची असल्याने ती सावकाशच होणार. लहान वाक्यं तिला समजतात, जोडवाक्यात कोण कोणाला म्हणालं इथे ती चुकते. ऐकण्यात तिचा फारसा फरक पडलेला नाही, आणि त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागणार आहे.

यंदाच्या अंतर्गत मूल्यमापनात श्रवणाचे गुण अशाच रेकॉर्ड केलेल्या, मुलांनी आधी न ऐकलेल्या मजकुरावर द्यायचे, असं मुख्याध्यापकांनी नववीपुरतं मान्य केलं आहे. सहकाऱ्यांचा विरोध पूर्ण मावळलेला नाही. शेजारच्या शाळा सढळ हाताने देत असताना आपल्याच मुलांचे दोन-तीन गुण का कापायचे, हा त्यांचा प्रश्न आहे आणि पालकही तो विचारतील. सध्या तडजोड अशी की श्रवणात कमी पडलेल्या मुलाला वर्षअखेरीपूर्वी दुसऱ्या मजकुरावर पुन्हा संधी मिळेल आणि दोन्हींपैकी चांगला गुण धरला जाईल. आठवीसाठी हीच चाचणी जुलैत, वेचणीच्या आधी घ्यायची आहे. तिचे मजकूर उन्हाळ्याच्या सुट्टीत रेकॉर्ड होतील. एक केळीचा ठेवणार आहोत, कांदेबागेवरचा, म्हणजे पावसाळ्यानंतर लावलेल्या केळीवरचा, पण त्याचे प्रश्न आधी दहावीच्या मुलांना उताऱ्याशिवाय सोडवायला दिले जातील.